बेदाणा प्रतवारीसाठी कोणता बोर्ड घेऊ? तातडीने मदत हवी आहे

तासगावकर_०७: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. पट्ट्यावरून जाणारे बेदाणे कॅमेऱ्याने बघून हिरवे आणि काळपट वेगळे करायचे. रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड घेतला, पण चालत नाही, फार स्लो आहे. जेटसन (एनव्हिडियाचा ग्राफिक्स चिपवाला बोर्ड) घेऊ की एफपीजीए (आतलं सर्किट आपणच ठरवतो ती चिप)? सोमवारी ऑर्डर टाकायचीय. प्लीज लवकर सांगा.

जुना_तंत्रज्ञ: 'चालत नाही' म्हणजे काय होतं? कॅमेरा कोणता, पट्ट्याचा वेग किती, एका फ्रेमला किती वेळ लागतो? एवढं कळल्याशिवाय बोर्ड कसा सुचवणार?

गेट_ते_गेट: एफपीजीएच घ्या. पिंक झेड२ या एफपीजीए बोर्डवर पिक्सेल येतील तसतसं काम होत जातं, फ्रेम पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. उशीर किती होणार हे आधीच ठाऊक असतं. एअर जेट, म्हणजे हवेचा झोत मारून खराब बेदाणा उडवायचा तर हेच हवं.

नेटवर्क_प्रेमी: अहो, सोमवारी ऑर्डर आहे त्याची! एफपीजीएची भाषा व्हेरिलॉग कधी शिकणार तो? जेटसन नॅनो घे भावा, एकाच वेळी हिशेब करणारे १२८ कुडा कोअर आहेत. फोटो दाखवून न्यूरल नेटवर्कचं मॉडेल ट्रेन कर, विषय संपला.

गेट_ते_गेट: जुना नॅनो आता कुणाला सुचवू नका. एनव्हिडियाच्या जेटपॅक ४ सॉफ्टवेअरच्या पुढे तो जात नाही, म्हणजे जुनं उबुंटू १८.०४. आणि हिरवा-काळा ओळखायला न्यूरल नेटवर्क कशाला?

द्राक्षबागाईत: बेदाणा काळा पडतोय तर आधी वाळवणाच्या शेडकडे बघा. द्राक्षं बुडवायला लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, वाळवण सावलीत. उन्हात टाकला की रंग गेलाच.

तासगावकर_०७: काका, माल घरचा नाही, नमुन्याला आणलाय.
कॅमेरा मॉड्यूल २, पूर्ण ८ मेगापिक्सेल. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर. पायथनमध्ये दोन फॉर लूप लावून एकेक पिक्सेल तपासतो. एका फोटोला ४० सेकंद लागतात. शिवाय बेदाण्याला मागे शेपूट फुटल्यासारखी दिसते.

जुना_तंत्रज्ञ: हे आधी सांगायला हवं होतंस. बोर्ड बदलू नकोस. एका फोटोत ८० लाख पिक्सेल आणि पायथनचा लूप, हे कुठल्याही बोर्डाला जड जाईल. ६४० बाय ४८० वर ये. लूप काढून ओपनसीव्ही लायब्ररीचं इनरेंज (ठरावीक रंगाचे पिक्सेल निवडतं) वापर, नंतर कनेक्टेड कंपोनंट्स (चिकटलेले पिक्सेल एकत्र धरून एकेक बेदाणा ओळखतं). आतलं काम वेगवान सी++ मध्ये होतं.
शेपटीचं कारण एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा उजेड घेत राहतो तो वेळ. १/१०० सेकंदात तुझा पट्टा ५ मिलिमीटर सरकतो, १/१००० ला अर्धाच. पण मग उजेड भरपूर लागेल. साधा घरगुती एलईडी लावलास तर सेकंदाला १०० वेळा लुकलुकेल आणि फोटोत आडवे पट्टे येतील, म्हणून डीसीवरची एलईडी पट्टी घे. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं आपोआप रंग जुळवणं) बंद ठेव, नाहीतर हिरवा दर फोटोत वेगळा.

गेट_ते_गेट: हा कॅमेरा रोलिंग शटरचा आहे, फोटो ओळीओळीने घेतो, बेदाणा थोडा तिरका येणारच. सगळा फोटो एकदम घेणारा ग्लोबल शटरचा मिळतो, तो बघा.

जुना_तंत्रज्ञ: खरंय, पण आधी उजेड. या वेगाला तिरकेपणाने रंग बदलत नाही.

तासगावकर_०७: आत्ताच करून बघितलं. ४० सेकंदांवरून १५ मिलिसेकंद! शेपूट अजून आहे, डीसी पट्टी उद्या आणतो. जेटसनची ऑर्डर थांबवली. त्या पैशांत एअर जेटचा व्हॉल्व्ह कोणता घेऊ?

जुना_तंत्रज्ञ: कॉम्प्रेसर किती बार दाबाचा आहे? आणि कॅमेऱ्यापासून जेट किती अंतरावर?