एफवायबीएस्सीला आहे, पाया कच्चा वाटतो, कुठून सुरुवात करू?

कापूसवेचणी: नमस्कार सगळ्यांना. मी परभणी जिल्ह्यातली, तालुक्याच्या कॉलेजात एफवायला आहे, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स. दहावीपर्यंत मराठी मिडियम, बारावीला ६३ टक्के पडले आणि सीईटीत काही जमलं नाही म्हणून बीएस्सी घेतली पण आता खरंच आवडायला लागलंय. अडचण अशी की पुस्तक वाचताना इंग्रजीतच अर्धा जीव जातो, आणि प्रॅक्टिकलला चौघांत एक सेट मिळतो, एकजण रीडिंग घेतो बाकीचे उतरवतात, वेळ संपत आली की सीनियरच्या जर्नलमधून घ्यायचं. जर्नल सर्टिफाइड होतं पण मला काही येत नाही हे मला कळतंय. घरी मामा म्हणतात बीएड कर, बाबा म्हणतात एमपीएससीचा क्लास लाव, मैत्रिणी म्हणतात डेटा सायन्सचा कोर्स कर. मी नक्की काय धरू? कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा प्लीज.

लंबक: ताई, करिअरचं आज ठरवू नकोस, तीन वर्षं आहेत. आधी ते जर्नल. मी पण एफवायला रीडिंग उतरवूनच काढलं आणि एमएस्सीला गेल्यावर पहिल्या महिन्यात रडले होते, म्हणून सांगते, एक प्रयोग तरी पूर्ण स्वतः कर आणि तो कॉलेजात नाही, घरी कर. दोरा, एक जड कुलूप, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि टेलरची टेप. एक मीटर लांबीचा लंबक टांग, छोटे झोके दे (जाऊन परत आला की एक झोका) आणि २० झोक्यांचा वेळ घे, साधारण ४० सेकंद यायला हवा. एकाच झोक्याचा का घ्यायचा नाही ते नीट समजून घे. बटण दाबायला तुझा हात पाव सेकंदभर मागेपुढे होणारच, दोन सेकंदांत तेवढं चुकलं तर ती १२ टक्के चूक झाली आणि जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, काढताना वेळेचा वर्ग येतो म्हणून ती दुप्पट होते, पण तीच चूक ४० सेकंदांवर पसरली की अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही. मग लांबी ६०, ८०, १००, १२० सेंमी अशी बदल आणि टी स्क्वेअर (एका झोक्याच्या वेळेचा वर्ग) विरुद्ध एल (लांबी) चा ग्राफ काढ, सरळ रेषा यायला हवी. बिंदू रेषेवर बसला नाही तर खोडू नकोस, तो का बसला नाही ते वहीत लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल.

क्यूसीवाला: वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी बीएस्सी केमिस्ट्री करून औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे, नऊ वर्षं झाली. नवीन मुलांच्या इंटरव्ह्यूला बसतो तेव्हा अवघड काही विचारत नाही, एक नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) ॲसिडचं ०.१ नॉर्मल १०० मिली कसं करशील एवढंच, १० मिली घेऊन पाण्याने १०० पर्यंत करायचं, आणि डिस्टिंक्शनची पोरं सुद्धा थांबतात कारण कधी पिपेट, द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, हातात घेतलेली नसते. आणि अजून एक, कंपनीत रीडिंग मनाने लिहिणं हा गुन्हा समजतात, त्या आकड्यावर औषधाची बॅच पास होते आणि ती कुणाच्या तरी पोटात जाते. ही सवय आत्ताच लावा. कॉलेजात सेट कमी असतील तर सरांना विचारा, प्रॅक्टिकलनंतर अर्धा तास लॅब उघडी ठेवा म्हणून, बरेच सर हो म्हणतात, कुणी विचारतच नाही.

खोडदकर: दिशेबद्दल दोन गोष्टी. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षात जॅम ही प्रवेश परीक्षा देता येते, त्यातून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, बारावीचे ६३ टक्के तिथं आड येत नाहीत आणि अभ्यासक्रम बराचसा बीएस्सीचाच आहे, म्हणजे आत्ता नीट शिकलीस तर तीच तयारी. दुसरं, मुंबईत मानखुर्दला होमी भाभा सेंटर ही विज्ञान शिक्षणाची संस्था आहे, तिचा एनआययूएस उपक्रम बीएस्सीच्याच मुलांसाठी आहे, त्यांच्या साईटवर लक्ष ठेव. आणि जमलं तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला ये, जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला मिळते, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. परभणीहून लांब पडतं, पण सात-आठ जणी मिळून या. मी शाळेत असताना गेलो होतो आणि तिथून परत आलो तेव्हा मला काय करायचंय ते कळलं होतं. इंग्रजीचं म्हणशील तर रोज पुस्तकाचं एकच पान, पण ते पान आईला मराठीत समजावून सांगता येईपर्यंत सोडायचं नाही.

कापूसवेचणी: सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री पडवीत केलं. १ मीटरला २० झोके ४०.७ सेकंद आले, तीनदा घेतले, जी ९.५३ आला. खूप वाईट वाटलं, मग सकाळी परत बघितलं तर मी लांबी कुलपाच्या कडीपर्यंतच मोजली होती, मध्यापर्यंत नाही. ते अडीच सेंमी धरल्यावर ९.७७ आला!! बाबा शेजारी बसून झोके मोजत होते. आज ८० सेंमीचं करणार आहे. लंबक ताई, ग्राफचा फोटो इथं टाकला तर बघाल का?

लंबक: टाक. कच्ची वहीच टाक, फेअर करू नकोस.