शॉकअप बदलले, तरी पुढून खटखट

दोन्ही शॉकअप नवे टाकूनही बेळगाव-गोवा मार्गावरच्या जांबोटी-चोर्ला रस्त्यावर कारच्या पुढच्या डावीकडून खटखट येते म्हणता, तर आधी लिंक रॉड बघा, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली की गप्प आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की खटखट, असं असेल तर संशय तिथंच. खात्रीसाठी दोन्ही बाजूंचे लिंक सोडून बांधून ठेवा, २० च्या वेगानं गल्लीत एक फेरी मारा. आवाज गेला तर चोर सापडला. वळणावर गाडी जास्त झुकेल, म्हणून अशी गाडी घाटात नेऊ नका.

तरीही आवाज राहिला तर गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. चाक वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ती गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट, म्हणजे खालच्या आर्मला चाकाशी जोडणारा गोलाकार सांधा. आडवं धरून हलल्यास टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा) किंवा स्टिअरिंगचा रॅक. ब्रेक मारताना एकच 'टक' येत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचा) मागचा रबरी बुश टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून तपासा. पूर्ण वळणावर ॲक्सिलरेटर दिल्यावर कटकट येते ती ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची. त्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस उडालंय का बघा.

शॉकअप काढले होते, म्हणजे वरच्या माउंटचा नट सैल राहणंही शक्य आहे. बुश बदललाच तर त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळायला सांगा. हवेत आवळला की रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बरेच मिस्त्री इथंच घाई करतात.