मॉर्फियाच्या चट्ट्याची सोनोग्राफी कशाला?

कोरा_कागद:
मांडीवर तळहाताएवढा चट्टा आहे, मधे पांढरट कडक आणि कडेला जांभळट, बायोप्सीत मॉर्फिया (त्वचा कडक होत जाण्याचा आजार) नक्की झालंय, मेथोट्रेक्सेट हे औषध चालू होऊन सहा महिने झाले. आता स्किनच्या मॅडम म्हणतात त्या जागेची सोनोग्राफी करून आणा. मला सोनोग्राफी म्हणजे पोटाची एवढंच माहीत! चट्टा डोळ्याला दिसतोय की, आत काय बघायचंय? आणि परत बायोप्सी लागेल का?

निवांत७:
डोळ्याला रंग दिसतो हो, पण आजार धुमसतोय का विझलाय ते नाही कळत. माझा चट्टा तपकिरी पडला होता म्हणून मी खूश, गोळ्या कमी करायचं जवळजवळ ठरलंच होतं आणि डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावला तर कडेला रक्तप्रवाह वाढलेला. गोळ्या तशाच ठेवल्या मग.

रेडिओ_ऑन:
रेडिओलॉजी शिकतोय म्हणून लिहितो. पोटाचा प्रोब (अंगावर फिरवतात तो भाग) साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा, त्वचेला निदान १५ तरी हवा, १८-२२ असेल तर उत्तम. फ्रीक्वेन्सी वाढली की बारकावे दिसतात पण खोलवरचं दिसत नाही, त्वचेला तेच हवं असतं. चालू मॉर्फियात डर्मिस म्हणजे त्वचेचा आतला थर पडद्यावर जाड आणि काळपट दिसतो, खालची चरबी उलट पांढरीफटक, आणि रक्तप्रवाह वाढलेला. विझल्यावर दोन्ही थर झिजून पातळ होतात. दुसऱ्या मांडीवरची तीच जागा पण बघायला सांगा, नाहीतर जाड का पातळ ते कशाशी ताडून बघणार? आणि मेन म्हणजे जेल भरपूर थापून प्रोब अलगद धरायचा, जरा दाबला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि रिपोर्ट येतो सगळं नॉर्मल. बायोप्सी निदानासाठी असते, ते तुमचं झालंय, त्यामुळे नुसत्या फॉलोअपला सहसा परत नाही लागत.

शंकासुर:
एवढा खटाटोप कशाला, चिमटीत धरून कळतं की. सिस्टेमिक स्क्लेरोडर्मात (त्वचेबरोबर आतले अवयवही कडक करणारा आजार) अंगावरच्या १७ जागा अशाच तपासून प्रत्येकीला ० ते ३ मार्क देतात, ५१ पैकी.

रेडिओ_ऑन:
देतात ना, पण दोन डॉक्टरांचे मार्क बऱ्याचदा जुळत नाहीत, आणि चिमटीत डर्मिस किती मिलिमीटर आणि आत सूज आहे का हे कसं कळणार? हात लावून बघणं हवंच, हे त्याच्या जोडीला.

कोरा_कागद:
थँक्स सगळ्यांना. आत्ताच एका सेंटरला फोन करून १८चा प्रोब आहे का विचारलं, तर म्हणाले सकाळी उपाशीपोटी या आणि पाणी भरपूर पिऊन या. दुसरं सेंटर बघते.