मदत हवी आहे : प्रथम वर्षाचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी गूगल क्लासरूममध्ये येत नाहीत, शुक्रवारपर्यंत उपाय हवा

तासिका_तत्त्व (मंगळवार, रात्री ९.४०)

आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्ष वाणिज्यच्या तुकडीत १२० विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या दीक्षारंभ कार्यक्रमाची, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाची ओळख करून देण्याची, जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. ऑनलाइन वर्ग, ग्रंथालय, संगणक कक्ष आणि वायफाय या सर्वांचा वापर विद्यार्थ्यांना करता आला पाहिजे, असा आदेश आहे. ऑनलाइन वर्ग गूगल क्लासरूमवर आहे; त्यात प्रवेश करण्याचा कोड मी फळ्यावर लिहिला, व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोनदा पाठवला आणि सूचना फलकावरही लावला; तरीही आजपर्यंत केवळ ४१ जण वर्गात दाखल झाले आहेत. उरलेले रोज माझ्याभोवती गराडा घालून "मॅडम, होत नाही" एवढेच सांगतात. शुक्रवारी मला प्राचार्यांना अहवाल द्यायचा आहे. नेमका उपाय सांगावा. यूट्यूबवर चित्रफिती पाहण्याचा सल्ला कृपया देऊ नये, त्या पाहून झाल्या आहेत.

नदीकाठ (मंगळवार, रात्री १०.०५)

"होत नाही" म्हणजे नेमके काय होत नाही, हे कळल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे. विद्यार्थी कोणत्या खात्याने प्रवेश करतात? पडद्यावर कोणता संदेश येतो? ते फोन वापरतात की संगणक? महाविद्यालयाचे स्वतःचे डोमेन (स्वतःच्या नावाचा इंटरनेट पत्ता) आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

जुना_ग्रंथपाल (मंगळवार, रात्री १०.३०)

मी ३१ वर्षे अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, म्हणून अनुभवाने सांगतो की सुरुवात क्लासरूमपासून करणे हीच चूक आहे. विद्यार्थ्यांना वीस-वीसच्या गटाने प्रथम ग्रंथालयात न्यावे, ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, पुस्तक कसे शोधायचे ते दाखवावे आणि मिळालेल्या वर्गांकावरून (पुस्तकाच्या विषयानुसार दिलेल्या क्रमांकावरून) मांडणीवरचे पुस्तक प्रत्यक्ष काढायला लावावे. अर्थशास्त्राची पुस्तके ३३० या वर्गांकाखाली का असतात, हे एकदा समजलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही संकेतस्थळावर हरवत नाही. आपले महाविद्यालय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट या ई-ग्रंथालय योजनेचे सभासद असल्यास ग्रंथपालांनी नोंदवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला घरबसल्या ई-पुस्तके वाचता येतात. त्यासाठी विद्यार्थ्यांची यादी ग्रंथपालांकडे वेळेत पोहोचली पाहिजे, आणि ती यादी अडकते कार्यालयात.

तासिका_तत्त्व (बुधवार, सकाळी ७.१५)

@नदीकाठ, खाते म्हणजे विद्यार्थ्यांचेच खाते, आणखी कोणाचे असणार? बहुतेक सर्व जण फोन वापरतात. संदेश इंग्रजीत येतो आणि त्याचा अर्थ साधारणपणे खाते तपासा किंवा शिक्षकांकडे चौकशी करा असा असतो. डोमेन आहे. महाविद्यालयाने सर्व विद्यार्थ्यांना ईमेल आयडी दिले आहेत, ते प्रवेशाच्या पावतीवर छापलेले आहेत.

@जुना_ग्रंथपाल, सर, आपला मुद्दा मान्य आहे, पण शुक्रवार परवावर आला आहे.

नदीकाठ (बुधवार, सकाळी ७.५०)

मग उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. वर्ग महाविद्यालयाच्या डोमेनमध्ये तयार झाला आहे आणि मुले फोनमधल्या आपल्या नेहमीच्या जीमेल खात्याने येऊ पाहत आहेत. संस्थेच्या प्रशासकाने बाहेरच्या खात्यांना मुभा दिलेली नसेल, तर कोड अचूक असूनही प्रवेश मिळत नाही. कोड टाकण्याच्या पडद्यावर सध्या कोणते खाते चालू आहे ते लिहिलेले असते आणि तेथेच खाते बदलण्याची सोयही असते. मात्र फोनमध्ये महाविद्यालयाचे खाते आधी जोडलेले असावे लागते. कोडमध्ये मोकळी जागा किंवा चिन्ह चालत नाही, हेही सांगून ठेवा. आता प्रश्न असा की पावतीवर आयडीसोबत पासवर्ड छापला आहे का आणि तो मुलांनी कधी वापरून पाहिला आहे का?

मुक्तस्रोत (बुधवार, सकाळी ९.२०)

या सर्व खटाटोपापेक्षा ऑनलाइन वर्ग चालवण्यासाठी मूडल वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते २००२ पासून उपलब्ध असलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, विद्यार्थी कोणत्याही ईमेलने नोंदणी करू शकतो, अभ्यासक्रमाला प्रवेश-किल्ली ठेवता येते आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये साहित्य उतरवून घेऊन नेटवर्क नसतानाही वाचता येते. ज्यांच्या गावात संध्याकाळी रेंज जाते, अशा मुलांसाठी ही सोय फार मोलाची आहे. आमच्याकडे चार वर्षे मूडल विनातक्रार चालू आहे.

नदीकाठ (बुधवार, सकाळी ९.४५)

@मुक्तस्रोत, आपल्याकडे ते चालू आहे, कारण सर्व्हर सांभाळणारे आपण आहात. एका तासिका तत्त्वावरील प्राध्यापिकेला दोन दिवसांत सर्व्हर उभारायला सांगणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला लावणे आहे. शिवाय ज्याला महाविद्यालयाने दिलेला पासवर्ड माहीत नाही, त्याला मूडलचा तरी कसा लक्षात राहणार?

मुक्तस्रोत (बुधवार, सकाळी १०.१०)

दोन दिवसांत उभारा, असे मी म्हटलेले नाही. मात्र दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हाच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर येतो आणि दरवर्षी तात्पुरते ठिगळ लावले जाते, एवढे नोंदवून थांबतो.

बांधावरून (बुधवार, दुपारी १.३०)

मी शिक्षक नाही, प्रथम वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचा बाप आहे. आपण सर्व जण "नेहमीचे जीमेल खाते" असे म्हणत आहात, म्हणून लिहितो. माझ्या मुलीचे जीमेल खाते प्रवेश अर्ज भरताना तालुक्याच्या नेट कॅफेवाल्याने उघडले. पासवर्ड त्याच्या वहीत आहे आणि पडताळणीसाठी मोबाइल क्रमांक माझा आहे. मी दिवसभर शेतात असतो आणि फोन माझ्याजवळ असतो. मुलगी महाविद्यालयात बसून ओटीपीची वाट पाहते आणि मी संध्याकाळी घरी येईपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपलेली असते. वर्गातील फोन तिच्या मैत्रिणीचा असतो. त्यात मैत्रिणीचेच खाते चालू असल्यामुळे एकाच नावाने दोन मुली वर्गात गेल्याचा प्रकारही घडला आहे. आपल्या ४१ मध्येही असे काही नाही ना, हे पाहून घ्यावे. मुलीला "होत नाही" याहून अधिक सांगता येत नाही, कारण कुठे अडले हे तिलाच कळत नाही आणि चारचौघींत विचारायला ती बुजते.

तासिका_तत्त्व (बुधवार, दुपारी ३.०५)

दादा, आपल्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. फोन वडिलांकडे असतो ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

@नदीकाठ, पासवर्ड पावतीवर छापलेला नाही. तो कार्यालयातून घ्यायचा होता, परंतु ज्या सहकाऱ्यांनी सर्व आयडी तयार केले ते जूनमध्ये दुसरीकडे रुजू झाले असून प्रशासकाचा पासवर्ड त्यांच्याकडेच आहे. ते फोन उचलत नाहीत. हे मी आधी लिहिले नाही, कारण ही महाविद्यालयाची अंतर्गत बाब वाटली.

नदीकाठ (बुधवार, दुपारी ३.२०)

ताई, ही अंतर्गत बाब नसून हाच मूळ प्रश्न आहे! बहुतेक ठिकाणी खाते उघडताना प्राचार्य किंवा कार्यालय अधीक्षक यांनाही सुपर अ‍ॅडमिन (सर्वाधिकार असलेला प्रशासक) केलेले असते आणि त्यांना स्वतःला ते आठवत नसते, तेव्हा आधी ते तपासावे. तसे कोणी नसल्यास डोमेनची मालकी सिद्ध करून प्रशासक खाते परत मिळवता येते. त्यासाठी डोमेन जिथून विकत घेतले तिथल्या डीएनएस नोंदींमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींमध्ये) गूगलने दिलेली एक नोंद घालावी लागते. म्हणजे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या माणसाला गाठा.

प्रशासक सापडला की स्वतःसाठी सुपर अ‍ॅडमिनचा अधिकार मागू नये. "हेल्प डेस्क अ‍ॅडमिन" ही भूमिका मागावी. तिच्यामुळे विद्यार्थ्यांचे पासवर्ड बदलून देता येतात आणि बाकी कशाला हात लागत नाही. उद्या काही बिघडले तर तासिका तत्त्वावरच्या माणसावर खापर फुटायला वेळ लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

श्रेयांक (बुधवार, सायंकाळी ६.००)

नवीन विद्यार्थ्यांचा विषय निघालाच आहे, तर अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात ते, खाते सर्वांनी तातडीने उघडावे. ते डिजिलॉकरमधून उघडता येते आणि त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो. तसेच स्वयम या शासनाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरील एखादा अभ्यासक्रम पहिल्याच सत्रात घ्यावा. शिकणे विनामूल्य असते, प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला शुल्क पडते. त्यावरील एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत २५ गुण स्वाध्यायांना आणि ७५ गुण परीक्षेला असतात, त्यामुळे स्वाध्याय चुकवू नयेत. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रही दरवर्षी ऑनलाइन भरायचे असते.

वाचनकक्ष (बुधवार, सायंकाळी ६.४०)

@श्रेयांक, माहिती योग्य आहे, पण धागाकर्तीने यातले काहीच विचारलेले नाही. ज्या मुलांना वर्गात प्रवेश मिळत नाही त्यांना एनपीटीईएलची गुणविभागणी सांगून काय साधणार?

@जुना_ग्रंथपाल सरांनाही एक विचारतो. २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही नियतकालिके ऑनलाइन वाचायला देणारी शासकीय योजना सुरू झाली आहे, सुमारे १३,००० नियतकालिके त्यात आहेत, मग आता एन-लिस्टचा आग्रह कशासाठी?

जुना_ग्रंथपाल (बुधवार, रात्री ८.१५)

ती योजना केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांसाठी आहे. खासगी संस्थेचे महाविद्यालय त्यात बसते का, हे ग्रंथपालांना विचारल्याशिवाय विद्यार्थ्यांना आशा लावू नये. दुसरे असे की त्यात आहेत ती संशोधन-नियतकालिके, आणि बारावी मराठी माध्यमातून करून आलेल्या वाणिज्यच्या मुलाला आज हवे असते ते "डेप्रिसिएशन" म्हणजे घसारा हे सांगणारे पुस्तक. त्याच्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशाचे खंड विनामूल्य ऑनलाइन उपलब्ध आहेत, आणि तेथे लॉगिनही लागत नाही. पासवर्डचा घोळ मिटेपर्यंत निदान एवढे तरी दाखवावे, ही माझी विनंती आहे.

वाचनकक्ष (बुधवार, रात्री ८.३०)

हे पटले. लॉगिन न लागणाऱ्या गोष्टी आधी दाखवाव्यात, हा क्रम मलाही सुचला नव्हता.

तासिका_तत्त्व (गुरुवार, रात्री ९.००)

अधीक्षक साहेबांच्या नावाने खरोखरच सुपर अ‍ॅडमिनचे खाते निघाले. पासवर्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एका चिठ्ठीवर होता. मला हेल्प डेस्कची भूमिका मिळाली आहे. उद्या विद्यार्थ्यांना संगणक कक्षात बसवणार आहे. २० पैकी १४ संगणक चालू आहेत. काही विसरत असल्यास सांगावे. वायफायवरही अनेकांचे फोन चालत नाहीत. कार्यालयाने प्रत्येकाच्या फोनचा मॅक पत्ता, म्हणजे वायफायवर फोन ओळखणारा क्रमांक, नोंदवून घेतला आहे, तरीही जोडणी नाकारली जाते.

नदीकाठ (गुरुवार, रात्री ९.२५)

प्रत्येकाला ब्राउझरची खासगी (इनकॉग्निटो) विंडो उघडून द्यावी आणि उठताना ती बंद करायला सांगावी, म्हणजे आधीच्या मुलाचे खाते पुढच्याला दिसणार नाही. तात्पुरता पासवर्ड देताना पहिल्या प्रवेशाच्या वेळी तो बदलावाच लागेल असा पर्याय निवडावा, आणि नवा पासवर्ड विद्यार्थ्याने स्वतः टाकावा. आपण तो पाहू नये, मग त्याला कितीही वेळ लागो.

वायफायचे कारण बहुधा वेगळे आहे. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायसाठी आपोआप वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतो. कार्यालयाने "फोनविषयी माहिती" या पानावरचा खरा पत्ता लिहून घेतला असेल, तर फोन दाखवतो एक आणि यादीत असतो दुसरा. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी या पर्यायात जाऊन फोनचाच मॅक पत्ता वापरण्याची निवड करावी.

तासिका_तत्त्व (सोमवार, दुपारी २.१०)

अहवाल दिला. वर्गात नसलेल्या ७९ पैकी ५२ जण केवळ चुकीच्या खात्याने प्रयत्न करत होते, त्यांचे काम प्रत्येकी पाच-सात मिनिटांत झाले. १८ जणांच्या पावतीवरचा आयडीच चुकीचा होता, कारण आयडी नावावरून तयार केलेले आणि नावाचे स्पेलिंग प्रवेश अर्जात एक, यादीत दुसरे. त्यांचे आयडी अधीक्षक साहेबांनी दुरुस्त करून दिले. पुढील वर्षी नावाऐवजी प्रवेश क्रमांकावरून आयडी द्यावेत, असे मी अहवालात लिहिले आहे. आधीच्या ४१ पैकी दोघींच्या खात्यांतून त्यांच्या दोन मैत्रिणी खरोखर वर्ग पाहत होत्या. त्यांची नावे यादीत मैत्रिणींच्या नावामागे दडल्यामुळे मी त्यांना ७९ मध्येच धरले होते. वायफायचे कारण तंतोतंत तेच निघाले.

राहिलेले ९ जण शुक्रवारी आलेच नाहीत. त्यांपैकी सात जण एकाच बाजूच्या वाड्यांवरचे आहेत. त्यांची एसटी दुपारी साडेबाराला सुटते आणि संगणक कक्ष आमच्याकडे एक वाजता उघडतो. कक्ष सकाळी तासभर उघडा ठेवण्यासाठी अर्ज करायचा आहे. असा अर्ज कोणी केला असल्यास त्याचा मसुदा येथे द्यावा.

बांधावरून (सोमवार, रात्री ८.४५)

मसुदा माझ्याकडे नाही, पण अर्जावर पालकांच्या सह्या हव्या असतील तर सांगावे. आमच्या गावाची गाडीही साडेबाराचीच आहे.