मदत हवी आहे: ड्रेनेज चेंबरमध्ये लेव्हल सेन्सर कुठला लावावा?

मंडळी, मलनिस्सारणाच्या कामातलं कोणी आहे का इथे? आमच्याकडे कागदावर ड्रेनेज वेगळं आणि पावसाळी गटार वेगळं, पण जोराची सर आली की पंपिंग स्टेशनचं वेट वेल (मैलापाणी जमा होणारी विहीर) काठोकाठ भरतं आणि खालच्या गल्लीत चेंबरची झाकणं उचलली जातात. बहुतेक गच्चीचे पाइप सरळ ड्रेनेजला जोडलेत, शिवाय रस्त्यावर पाणी तुंबलं की लोक झाकण उघडून सोडून देतात ते वेगळंच. आता कुठल्या लाइनवर पावसाचं पाणी जास्त घुसतंय ते शोधायला मोक्याच्या चेंबरमध्ये सेन्सर लावून कोरड्या आणि पावसाच्या दिवसाचा ग्राफ ताडून बघायचाय. पावसाबरोबर लगेच उसळी म्हणजे थेट जोडणी, आणि पाऊस थांबल्यावरही लेव्हल हळूहळूच उतरत असेल तर फुटक्या जॉइंटमधून झिरपा, बरोबर ना?

अडलंय सेन्सरपाशी. अल्ट्रासोनिक (वरून ध्वनिलहरी सोडून लेव्हल मोजणारा) स्वस्त, पण फेस आणि वाफ धरली की वाट्टेल ते रीडिंग. प्रेशरवाला बुडीत असतो, त्याला चिंध्या अडकणार. रडार महाग. रीडिंग पाठवायला सेन्सरमध्ये सिम कार्ड असतं, त्याला बिडाच्या झाकणाखाली रेंज मिळते का? आणि पुढे चोकअप असेल तर लेव्हल वाढते पण पाणी सरकतच नाही, मग नुसत्या लेव्हलवरून फ्लो कसा धरायचा? प्रत्यक्ष लावलेल्यांनीच सांगा प्लीज, सेल्सवाल्यांचं ऐकून झालंय.