मेजर बॉटनी घेऊ की केमिस्ट्री? सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचा आहे

सडाफूल

नमस्कार सगळ्यांना. मी पाटण तालुक्यातली. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. आमची बॅच नवीन शैक्षणिक धोरणाची, म्हणून पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच होते: बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री. आता दुसऱ्या वर्षाला एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे दुय्यम आणि तिसरा विषय बंद. ऑफिसमध्ये फॉर्म घेताना सांगितलं की एकदा लिहून दिलं की सहजासहजी बदलत नाही. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

घरी बाबांचं मत केमिस्ट्रीच. चुलतभाऊ घाटाखाली लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे, त्याचं चांगलं चाललंय. बाबा म्हणतात, बॉटनी शिकून काय करणार, झाडं तर आपल्या बांधावरही आहेत. आजीची काळजी निराळी. आम्ही माळकरी. झूलॉजी घेतलं तर बेडूक कापायला लावतील, असं तिला कुणीतरी सांगितलंय.

मला बॉटनी हवंय. कारण सांगते. सप्टेंबरमध्ये बॉटनीच्या मॅडम आम्हाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घेऊन गेल्या होत्या. तिथे ओल्या कातळावर दवबिंदू होतं, पैशाएवढं लाल झाड. भिंगातून पाहिलं तर पानावरच्या चिकट केसांना एक चिलट अडकलेलं, आणि आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वळत होते. शेजारीच निळी सीतेची आसवं फुललेली. मॅडमनी त्याचं एक रोप मातीसकट उचलून धुऊन दाखवलं: मुळांच्या जागी बारीक फुगे, त्यांत ओल्या मातीतले जीव ओढले जातात. मुली डबा खायला गेल्या तरी मी तिथेच बसून होते.

पुढे वनखात्यात अधिकारी व्हायचं मनात आहे. तर माझे प्रश्न: मेजर बॉटनी घेतलं तर तो रस्ता उघडा राहतो का? मायनरला काय घ्यावं? आणि मायनरच्या विषयात एम.एस्सी. करता येते का?

जुने प्रयोगशाळावाले

पोरी, मी झूलॉजी शिकवलं, सव्वीस वर्षं. आधी आजीचं बघू. त्यांना सांग, बेडूक कापणं बंद झालं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतलं विच्छेदन थांबवायला सांगितलं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मुलं ट्रेमध्ये बेडूक आणि झुरळ टाचण्यांनी लावायची, शेवटच्या वर्षांत आम्ही स्लाइड, मॉडेल आणि चार्टवर शिकवलं. तेव्हा भीतीपोटी झूलॉजी सोडायचं कारण नाही. सोडायचंच असेल तर दुसऱ्या कारणाने सोड.

वनसेवेचं म्हणशील, तर केंद्राच्या भारतीय वनसेवेला पदवीत ठरावीक विषयांपैकी किमान एक लागतो: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, बॉटनी, केमिस्ट्री, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, सांख्यिकी, झूलॉजी. नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. तुझे तिन्ही विषय या यादीत आहेत. मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजी मात्र नाहीत. नवं वाटतं म्हणून तिकडे वळलेल्या आणि नंतर हळहळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पूर्वपरीक्षा नागरी सेवांबरोबर एकच असते, मुख्य परीक्षेला दोन वैकल्पिक विषय घ्यावे लागतात. त्यातला एक तुझा मेजरच असला तर तीन वर्षांचा अभ्यास तिथे कामी येतो.

आता माझं मत. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे सेमिस्टरला साठ तास. मेजरच्या प्रयोगशाळेत आठवड्याचे चार-चार तास जाणार, एकापेक्षा जास्त प्रात्यक्षिकं असली तर आणखी. त्या तासांत टायट्रेशनचा रंग बदलायची वाट बघत उभं राहायला तुला आवडेल, की देठाचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायला? सड्यावरचं जे लिहिलंस त्यात उत्तर आलंच आहे. मात्र सोमवारच्या आत बॉटनीची प्रयोगशाळा उघडून बघ. सूक्ष्मदर्शक किती चालू आहेत, हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींच्या, कपाटात नवी शीटं लागतात की जुनीच पिवळी पडलीत, दुसऱ्या वर्षाच्या बॅचला मुलं किती. मॅडम पुढची दोन वर्षं तिथेच आहेत का, हेही विचार. लहान कॉलेजात विषय म्हणजे शिकवणारं माणूस असतं.

मायनर म्हणून मी केमिस्ट्री सुचवेन. मी झूलॉजीचा असूनही सांगतो. वनस्पतींतली औषधी द्रव्यं, माती, पाणी, कशालाही हात घातलास तरी रसायन लागतं. पुढे जॅमचा, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा, बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यावासा वाटला तर त्यातही केमिस्ट्री असते. बाबांनाही सांगता येईल की त्यांचा विषय सुटलेला नाही.

तिसऱ्या_वर्षाचा

सरांशी मेजरबद्दल सहमत, मायनरबद्दल नाही. जंगलात जायचं तर झूलॉजी मायनर घे. तुझ्या तालुक्यातच कोयनेचं जंगल आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं. फक्त झाडं ओळखून तिथे भागत नाही.

मी 2023 च्या बॅचचा, स्वायत्त कॉलेजातला. आम्हाला प्रवेश घेतानाच मेजर विचारला होता, वर्षभर चाखून बघायची सोय नव्हती. तुम्हाला ती मिळाली, हे खरंच चांगलं झालं. पण माझी चूक दुसरीकडे झाली आणि ती तुझी होऊ नये म्हणून लिहितोय. सगळं लक्ष मेजरवर होतं. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचं घ्यावं लागतं, हे नीट वाचलंच नाही. मित्रांबरोबर विज्ञानातलाच एक सोपा पेपर घेतला, पासही झालो. शेवटी बेरीज केली तर 132 ऐवजी 130. मेजर पूर्ण, मायनर पूर्ण आणि दोन क्रेडिटसाठी निकाल अडकला. नंतर वाणिज्यचा पेपर देऊन ते भरून काढले.

म्हणून एक वही कर. सेमिस्टरला 22 क्रेडिट, त्यातले मेजर किती, मायनर किती, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे, फील्ड प्रोजेक्टचे, सगळे वेगळ्या रकान्यांत. निकाल लागला की त्याच दिवशी भर. पुढच्या इंटर्नशिपची जागा आधीपासून शोध. चार क्रेडिट म्हणजे 120 तास, परीक्षेच्या तोंडावर होत नाहीत.

निकाल_विभाग

एक छोटी गोष्ट. डिजिलॉकरमधून एबीसी खातं, म्हणजे क्रेडिट जमा होतात ते खातं, उघडलं असेल तर पहिल्या वर्षाचे क्रेडिट खरंच दिसतात का ते आत्ताच बघा. आधारवर आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर नाव वेगळं असेल तर ते जुळत नाहीत. मुलींच्या बाबतीत वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगवरून हे फार होतं.

जुने प्रयोगशाळावाले

एम.एस्सी.चं उत्तर राहिलं. यूजीसीच्या 2024 च्या पदव्युत्तर आराखड्यात मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात पुढे जायची मुभा आहे. पण प्रवेश विद्यापीठ देतं, त्यामुळे ज्या विभागात जायचंय त्याचं प्रवेशपत्रक काढून वाच. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा बॉटनी विभाग बघून ये. सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांच्या संवर्धनाचं काम तिथे झालं आहे.

मायनरबद्दल या मुलाचं म्हणणं खोडून काढता येत नाही. निर्णय तूच घे.

सडाफूल

सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. काल प्रयोगशाळा बघून आले. सूक्ष्मदर्शक बारा, चालू नऊ. हर्बेरियममध्ये मागच्या पावसाळ्यातली शीटं आहेत, त्यातलं एक तेरड्याचं मीच वाळवलेलं. मॅडम म्हणाल्या, आहे मी, कुठे जात नाही.

रात्री बाबांना वनसेवेची विषयांची यादी वाचून दाखवली. केमिस्ट्री आणि बॉटनी दोन्ही एकाच यादीत आहेत, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग सहीसाठी पेन मागितलं. आजीला बेडकाचं सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, मग झूलॉजी का नको?

मेजर बॉटनी लिहिलं. मायनर झूलॉजी. सर, रागावू नका, केमिस्ट्री मी घरी वाचत राहीन. दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टला सड्यावरच्या कीटकभक्षी झाडांची नोंद करायची परवानगी मॅडमकडे मागितली आहे: कुठल्या झाडावर कुठले किडे अडकतात ते पावसाळाभर लिहायचं.

एबीसीवर माझे 44 पैकी 42 च दिसतायत. बाबांच्या नावात आधारवर एक अक्षर जास्त आहे. सोमवारी फॉर्म देऊन तिथूनच आधार केंद्रावर जाणार आहे. बारावीची मूळ गुणपत्रिका न्यावी लागते की झेरॉक्स चालते, कुणाला माहीत असेल तर सांगा.