'भाऊ' म्हणजे नेमकं कोण?

बायबलमध्ये येशूच्या 'भावां'चा उल्लेख येतो. ते म्हणजे नुसते शिष्य, असं काहींचं म्हणणं. ते पटत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (6:3) येशूच्या नासरेथ गावचे लोक चक्क नावं घेतात: याकोब, योसे, यहूदा, शिमोन. (बहिणीही आहेत, पण बिननावाच्या. नेहमीचंच!) आणि योहान 7:5 म्हणतं, भावांचा त्याच्यावर विश्वासच नव्हता. मग शिष्य कसले?

खरा वाद नात्याचा. चौथ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हेल्विडियस म्हणाला, येशूची आई मरीया हिचीच ही पुढची मुलं. धर्मपंडित जेरोमने सन 383 च्या सुमारास त्याला झोडपलं: ही मावसभावंडं! पूर्वेकडच्या चर्चच्या परंपरेत ही मरीयेचा नवरा योसेफ याची, आधीच्या लग्नाची मुलं. आपण मराठीत आतेमामेभावांनाही सर्रास भाऊ म्हणतो, म्हणून जेरोम आपल्या कानाला खटकत नाही. पण नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये चुलत-मावस भावंडांच्या नात्याला 'अनेप्सिऑस' हा वेगळा शब्द होता. कलस्सैकरांस पत्रात (4:10) मार्क बर्णबाचा 'अनेप्सिऑस'च आहे. येशूच्या भावांना मात्र 'अडेल्फॉस', म्हणजे भाऊ. मला तरी हेल्विडियसचं पारडं जड वाटतं.

बाकी या भावांपैकी याकोब पुढे यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख झाला. त्याला दगडमार करून मारल्याची, साधारण सन 62 मधली घटना, जोसेफस या ज्यू इतिहासकारानेही नोंदवली आहे. तिथेही ओळख 'येशूचा भाऊ' अशीच.